अर्जातली आत्या

“मॅडम, म्हातारीला रोज चालवा. दोन-तीन महिने पाऊल टाकलं नाही, की पाय कामातून जातो. तीस वर्षं पोरांची कवायत घेतलीय मी, मला कळतं.”

माने सर कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बोलत होते. हातात पाण्याची नळी, अंगात बनियन, गळ्यात शिट्टी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी शिट्टी सुटली नव्हती. कुणाला सावधान-विश्राम करणार होते कोण जाणे. घरात त्यांची मांजरसुद्धा त्यांना विचारत नव्हती.

मी दोरीवर माझ्या लेकीची, चार्वीची दुपटी वाळत घालत होते. म्हटलं, “सर, आत्यांचे पाय गेलेत म्हणून तर हा सगळा खटाटोप. चालवू कशा?”

“गेलेत?” त्यांनी नळी गुलाबावरून मोगऱ्यावर नेली. “संक्रांतीला तर किटली घेऊन चौकातून येत होत्या. झपाझप.”

“ते तुम्ही हरकतीत लिहिलंच आहे.”

“लिहिलंय. ते तुमच्या खोलीबद्दल. हे म्हातारीबद्दल सांगतोय. दोन्ही वेगळं आहे.”

मी हसले. किती बावळट समजतो हा माणूस आपल्याला! मी आत्यांना अंगणात चालवायचं, यानं गच्चीवरून फोटो काढायचा आणि महापालिकेच्या साहेबांपुढे नेऊन ठेवायचा. एम.एस्सी. झाले होते मी. कवायतीच्या मास्तरानं मला गुंडाळावं अशी वेळ अजून आली नव्हती. आत गेले आणि आत्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला.

याला आता नऊ वर्षं झाली.

आमचं घर म्हणजे सासऱ्यांनी बांधलेला बैठा बंगला. हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची एक खोली. चार्वी झाल्यावर मला तिच्यासाठी वेगळी खोली हवी होती, खालीच, स्वयंपाकघराला लागून, म्हणजे फोडणी घालतानासुद्धा ती दिसत राहील. पूर्वेला माने सरांच्या भिंतीपर्यंत आठ फूट जागा मोकळी होती. पण नियमानं त्यातले पाच फूट सामासिक अंतर म्हणून सोडायलाच हवेत. उरलेल्या तीन फुटांत खोली होत नाही, फार तर झाडू ठेवायची जागा होते.

“वर चढवा की मजला,” खटावकर म्हणाले. हे आमचे इंजिनिअर. महापालिकेतून नकाशे पास करून आणण्यात पटाईत. चहात बिस्कीट बुडवून ते तुटेपर्यंत बोलत राहायचे आणि मग कपातला लगदा चमच्यानं खायचे.

“जिना नको,” मी म्हणाले. मागच्या गल्लीतलं एक मूल जिन्यावरून पडलं होतं. कपाळाला सात टाके. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले तरी आधी पायऱ्या मोजत होते.

“मग पाच फुटांत सूट मागावी लागेल. मिळते, पण अडचण दाखवावी लागते. डोळ्यांना दिसेल अशी.”

“लहान मूल आहे की.”

“मूल ही अडचण नव्हे, वहिनी. मूल वाढतं. साहेब म्हणतील, थांबा दोन वर्षं. घरात म्हातारं कुणी आहे का? पायानं अधू? असलं म्हणजे ‘वर बांधा’ असं साहेबांना म्हणता येत नाही.”

सासूबाई आणि सासरे दोघंही नव्हते. सन्मती, माझा नवरा, इतका वेळ टीव्हीवरची मॅच बघत होता. तो एकदम वळला. “पदूआत्या!”

इतक्या झटकन त्याला काही सुचलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“त्या अधू आहेत?” खटावकरांनी विचारलं.

“अडुसष्ट वर्षांची आहे.”

“बास. बाकीचं आपण करू.”

पदूआत्या म्हणजे पद्मावती, माझ्या सासऱ्यांची बहीण. तिशीत विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. गावाकडे दिराच्या घरात राबत राहिल्या. त्या वर्षी दिराच्या नातवाचं लग्न झालं, नव्या जोडप्याला खोली लागली आणि आत्यांचं अंथरूण शेतावरच्या खोपटात गेलं, गोठ्याला लागून. सन्मतीनं फोन केला आणि चौथ्या दिवशी त्या आल्या. एसटी स्टँडपासून चालत, डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं बोचकं. रिक्षावाला चेहरा बघून भाडं सांगतो म्हणून त्याला चार शब्द सुनावून आल्या होत्या.

“माज्यासाठी खोली?” त्यांनी विचारलं.

“हो, आत्या.”

“म्हंजे निस्ती माजी?”

“तुझीच गं,” सन्मती टीव्हीकडे बघत म्हणाला. “अर्जातसुद्धा तसंच लिहिलंय.”

अर्जात तसंच लिहिलं होतं, तेवढं खरं होतं. आत्यांनी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा मी शेंगा निवडायला घेतल्या.

पहिले काही दिवस त्यांना कुणी अडवलं नाही. पहाटे उठून त्या दूध आणायच्या, मग दीड किलोमीटरवरच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला जाऊन यायच्या. सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळ्या. त्यांच्या त्या घाईचं मला हसू यायचं. मग शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या आणि माने सरांची हरकत आली. टाईप केलेली, तीन पानी: ‘सदर वृद्ध महिला धडधाकट असून दररोज सकाळी चौकातून दूध आणतात.’

खटावकरांचा फोन आला. “वहिनी, म्हातारीला आत घ्या. साहेब पाहणीला न सांगता येतात.”

मी आत्यांचा पलंग हॉलमध्ये आणला. वॉकर आणला. भोक पाडलेली खुर्ची आणली, खाली भांडं. त्यांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं: बाहेर जायचं नाही, दारात उभं राहायचं नाही, खिडकीत तर नाहीच. देवदर्शन इथूनच, हात जोडून.

“किती दिस?”

“काम होईपर्यंत.”

“म्हंजे खोली हुईपतूर?”

“हो, तसंच समजा.”

आत्या पलंगावर मांडी घालून बसल्या, जरा हलून बघितलं. “बसते की मग. जन्मभर उभीच हुते.”

त्यांनी सगळं ऐकलं. ऐकतच गेल्या. मला आधी वाटलं होतं, खेडवळ बाई आहे, चार दिवसांत कंटाळून अंगणात जाईल. मी कान लावून असायची. स्वयंपाकघरात भाकरी थापताना पलंग कुरकुरला की मला ऐकू यायचं. मी ओरडले कधीच नाही. नुसतं “आत्या” म्हणायची. कुरकुर थांबायची. हळूहळू ती मुळातच येईनाशी झाली आणि मला बरं वाटलं. बसल्या जागी त्या मटार सोलत, वाती वळत, चार्वीला मांडीवर घेऊन कसलीतरी लांबलचक गाणी म्हणत. त्याच महिन्यांत चार्वी चालायला शिकली, आत्यांचा वॉकर धरून. त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. फोटोत आत्या टाळ्या वाजवताना दिसतात.

माने सर भिंतीवरून जे बोलले, ते याच दिवसांतलं. मी सन्मतीला सांगितलं, तर तो म्हणाला, “त्याचा काय भरवसा. शिट्टी मारून म्हातारीला पळवायचासुद्धा.” आम्ही दोघं पोट धरून हसलो.

चैत्रात, भर दुपारी, साहेब आले. बरोबर टेप धरणारा एक आणि फाईल धरणारा एक. साहेबांनी आठ फूट मोजले, नकाशाकडे पाहिलं, पन्हं घेतलं. पन्हं घेताना नजर माझ्या भिंतीवरच्या पदवीच्या फोटोवर. मग पलंगाशी आले.

“आजी, उठता येतं का?”

आत्यांनी प्रयत्न केला. दोन्ही कोपरं टेकवून अंग उचललं. हात थरथर कापायला लागले. अर्ध्यावर आल्या आणि धप्पकन मागे पडल्या. चार्वी घाबरून रडली. इतकं करा असं मी सांगितलंच नव्हतं. मी फक्त ‘नाही’ म्हणा असं सांगितलं होतं.

“र्‍हाऊ द्या, र्‍हाऊ द्या,” साहेब म्हणाले.

“साहेब,” आत्या म्हणाल्या, “पोरानं खोली बांदली तर येक भित्ताड तरी माजं म्हनंन मी.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाहेर येऊन भिंतीपाशी थांबले, कारण पलीकडे माने सर उभे होतेच, शिट्टीसकट, आज शर्ट घालून.

“तुमची हरकत आहे, की आजी चालतात म्हणून.”

“चालताना पाहिलंय मी.”

“कधी?”

“संक्रांतीला.”

“आता चैत्र चाललाय, सर. म्हातारं माणूस. महिन्या-दोन महिन्यांत पालटतं.”

“मी तेच म्हणतोय,” माने सर म्हणाले. पण ते साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले. मला ती हार वाटली. हरलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी अगदी निरखून पाहून घेतलं.

गाडी गेल्यावर सन्मतीनं दार लावलं आणि टाळी दिली.

“जमलं का गं?” आत्यांनी विचारलं.

“आत्या, तुम्ही नाटकात असायला हवं होतं! ते हात कापणं तर काय...”

आत्या कोपर चोळत होत्या. “हात कापत हुतं ते काय मी केलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

याला आम्ही सगळ्यात जास्त हसलो.

जूनमध्ये आदेश आला. सन्मतीनं तो हॉलमध्ये उभं राहून वाचला, भाषण केल्यासारखा: ‘अर्जदार यांच्या वृद्ध व चालण्यास असमर्थ आत्या श्रीमती पद्मावती यांच्या निवासासाठी, विशेष बाब म्हणून, पूर्वेकडील सामासिक अंतरात...’

“माजं नाव हाय त्यात?”

“आहे, आत्या.”

“पुन्ना वाच.”

त्यानं पुन्हा वाचलं. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी म्हणाले, “आत्या, उठा आता. झालं काम.”

त्यांनी पाय खाली सोडले, जमिनीकडे बघितलं, परत वर घेतले. “खोली कुटं झालीया अजून?”

म्हातारी बेरकी आहे, असं मी सन्मतीला म्हणाले. तेव्हाही मी हसतच म्हणाले होते.

खोली झाली. माने सरांची भिंत आणि आमची भिंत यांच्यात दीड फूट अंतर उरलं. दोरीसुद्धा तिथंच, अंग चोरून कपडे वाळत घालायचे. बांधकाम पूर्ण झाल्याची पाहणी बाकी होती, त्यामुळे आत्यांचा पलंग खोलीत ठेवणं भाग होतं. नकाशात दाखवला होता तसा भिंतीला स्टीलचा दांडाही बसवला. ढगांचा वॉलपेपर मी पसंत करून ठेवला होता; तो गुंडाळीतच राहिला. आणि आत्या उठत नव्हत्या. “उटते की, उटते की,” म्हणत आणि पडून राहत. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोटऱ्या दाबल्या, तळव्याला किल्ली घासली.

“स्नायू फार उतरलेत. कधीपासून झोपून आहेत?”

“जानेवारी,” मी म्हणाले.

“पडल्या होत्या?”

“नाही.”

“मग?”

मी चार्वीला कडेवर घेतलं. मूल कडेवर असलं की उत्तर दिलं नाही तरी चालतं, हे मी तोवर शिकले होते.

“रोज उभं करा,” डॉक्टर म्हणाले. “मनावर घेतलं तर चालतील. नाही तर नाही.”

एवढं सांगायला सात वर्षं शिकावं लागतं! मी दोन दिवस उभं केलं. तिसऱ्या दिवशी चार्वीला ताप आला आणि ते राहून गेलं. भांडं मात्र राहत नव्हतं. रोज तीन वेळा, नाकाला पदर. आपण निर्जंतुक व्हाव्यात म्हणून मुलीच्या बाटल्या वीस मिनिटं उकळतो आणि त्याच हातांनी हे करतो, या विचारानं मी हात सालं जाईपर्यंत धूत होते.

मग तो सोमवार. सकाळचे दहा. मी त्या दीड फुटात कपडे वाळत घालत होते. वर चार्वीचा हसण्याचा आवाज आला. पाहिलं तर पोरगी आतून खिडकीच्या गजांवर चढलेली, पलंगाच्या कठड्यावरून, माझ्या डोक्याच्याही वर. दोन वर्षांची नव्हती अजून. एक हात गजाला, दुसरा मला दाखवायला. मी ओरडले नाही. ओरडले तर हात सुटेल. त्या फटीतून अंग खरवडत बाहेर, अंगण, पुढचं दार, हॉल, स्वयंपाकघर.

चार्वी खोलीच्या मधोमध फरशीवर बसलेली होती. टाळ्या वाजवत. आत्या पलंगावर, छातीपर्यंत पांघरूण. पांघरुणाचं एक टोक जमिनीवर लोळत होतं.

“कशी उतरली ही?”

“आज्जी आली,” चार्वी म्हणाली. “आज्जीनं घेतलं.”

“आत्या, तुम्ही उठलात?”

“न्हाई, बाई. माजे पाय कुटले? तीच उतरली.”

आत्यांना धाप लागली होती. किंवा मला लागली होती आणि मला ती त्यांची वाटली.

माझ्या मुलीला हिनं वाचवलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. वॉकर धरून चालायला शिकवलेली, गाणी म्हणून झोपवलेली माझी मुलगी. डोक्यात आलं ते एवढंच, की आठ महिने मी हिचं भांडं उचलतेय.

दुपारी सन्मती जेवायला आला. मी म्हणाले, “ती नाटक करतेय.”

“आत्या? कशाला करेल?”

“खोलीसाठी. चालायला लागली तर आपण तिला परत पाठवू, हे कळतंय तिला.”

सन्मतीनं भात कालवला. “पण कागदावर तिचीच आहे ना खोली?”

त्याच्या तोंडून निघालेलं हे एकच शहाणं वाक्य. आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ताक मागितलं त्यानं.

आठ दिवसांत आत्यांची सोय झाली. चालता येत नसेल तर लहान मुलाच्या घरात त्यांची देखभाल होणं अशक्य. चालता येत असेल तर त्यांनी आम्हाला फसवलं. दोन्ही वाटा वृद्धाश्रमालाच जात होत्या आणि दोन्ही मीच आखल्या होत्या. त्यांना सांगितलं, तिथं मालिश करणारी बाई आहे, बऱ्या झालात की आणतो. त्यांनी विचारलं नाही, कधी. खोली मिळणार म्हटल्यावर तीनदा विचारणारी बाई, पण या वेळी एकदाही नाही.

खुर्चीत बसवून त्यांना बाहेर काढलं. एका बाजूला सन्मती, दुसऱ्या बाजूला गाडीचा ड्रायव्हर. फाटकाशी खुर्ची कलली, तेव्हा माने सर आपलं फाटक उघडून आले आणि त्यांनी खाली वाकून खुर्चीचा पाय धरला. शिट्टी खुर्चीवर आपटत होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला, की हा माणूस आमच्या घरच्या गोष्टीत कशाला.

गाडीत बसल्यावर आत्यांनी मला जवळ बोलावलं. माझ्या कानाशी तोंड आणून, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “ते साहेब पुन्ना बगायला आलं, तर सांग, दवाखान्यात गेलीया म्हनून. पडूनच असती म्हनावं. काय?”

मी म्हणाले, “बरं.”

साहेब आले नाहीत. त्यांनी कचेरीत बसूनच सही केली. ढगांचा वॉलपेपर लागला. दांडा काढायचा राहिला. चार्वी त्यावर ओढण्या अडकवते.

वर्षातून दोनदा जाते मी. शेंगा नेते. मी दारात दिसले, की आत्या पांघरूण छातीपर्यंत ओढतात. कोपरं टेकून उठायचा प्रयत्न करतात, हात कापतात, मागे पडतात. मग विचारतात, “झालं का गं समदं नीट?” मी झालं म्हणते. कितीदा सांगितलं, आता कुणी बघायला येत नाही. त्या हसतात, जशी मी तेव्हा भिंतीपाशी माने सरांना हसले होते. तिथल्या बायकांना विचारलं. एक म्हणते, कधी चालताना बघितलं नाही. दुसरी म्हणते, आम्हाला तरी कुठं वेळ आहे बघायला. पलंगाखाली चपला असतात. मागच्या दिवाळीत मी त्या उलटून पाहिल्या. डावी टाच झिजलेली होती. दुसरी कुणी घालत असेल. माने सर जात असत म्हणे त्यांच्याकडे, त्यांना विचारता आलं असतं. नाही विचारलं, आणि गेल्या वर्षी ते गेले.

सत्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या आता. चालत असतील, तर त्यांनी मला फसवलं. मी फसवली गेले असावे, एवढीच माझी इच्छा आहे.

मला पाहून त्या पडून राहणार, म्हणून तुम्हाला सांगते. निमगाव फाट्यावरून आत गेलात, की उसाच्या वजनकाट्यापुढे पिवळी बैठी इमारत लागते. डावीकडून तिसरी खिडकी. दिवस मावळायच्या आधी त्यांची जेवायची वेळ असते, तेव्हा जा. आवाज देऊ नका, माझं नाव घेऊ नका. पाण्याचा तांब्या समोरच्या फळीवर असतो, पलंगापासून चार पावलांवर. तो त्या कुणाला मागतात, की उठून घेतात, तेवढं बघा आणि मला कळवा.